सुंता कमी त्रासाची हवीय? मग टेबलावरची मिनिटं नका मोजू, पुढचे सहा आठवडे मोजा

चौतिसाव्या वर्षी सुंता करून घ्यायची म्हटल्यावर माणूस पहिलं काय करतो, तर रात्री सगळे झोपले की अंथरुणात मोबाईलचा ब्राइटनेस कमी करून शोधत बसतो. मीही तेच केलं. जिकडे बघावं तिकडे एकच भाषा, टाके नाहीत, रक्त नाही, दहा मिनिटांत मोकळे, उद्या कामावर. वाचून वाटायला लागतं की हे काय, केस कापून येण्याइतकंच तर आहे. मग पुढचे दोन-तीन महिने मी त्यातच डोकं घालून होतो, तीन दवाखाने पालथे घातले, एका ठिकाणी अॅडव्हान्स भरून तो बुडवून घेतला, आणि योगायोग असा की माझ्याच वयाच्या एका मित्राने त्याच महिन्यात रिंगवाली पद्धत (टाक्यांऐवजी कातडी रिंगमध्ये चेपून ठेवायची) केली आणि मी शेवटी साधी टाक्यांची केली, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळाले. फोटो सोडून तो मला सगळं कळवायचा.

मी डॉक्टर नाही, तपासणीला पर्याय म्हणून हे वाचू नका. पण कोणी तुमच्यासमोर "आमच्याकडे नवीन पद्धत आहे, त्रास कमी" असं म्हणालं तर ती पारखायची कशी, काय विचारायचं, कुठल्या आकड्याला भुलायचं नाही, एवढं नक्की सांगू शकतो.

आधी हे ठरवा की करायचीच आहे का

हे ऐकायला फालतू वाटेल, पण पद्धतीची तुलना करण्याआधी कारण पक्कं करा, कारण कारणावर पद्धत ठरते. कातडी मागे सरकत नाही म्हणजे फिमोसिस असेल तर सगळ्यात कमी कापाकापीची पद्धत म्हणजे न कापणं. सौम्य प्रकारात डॉक्टर आधी स्टेरॉइडचं मलम देऊन चार ते आठ आठवडे हळूहळू ताणायला सांगतात. लहान मुलांत ते जास्त लागू पडतं, पण मोठ्यांतही काहींचं भागतं. नुसता खालचा पट्टा, म्हणजे फ्रेन्युलम, आखूड असून तोच दुखत असेल तर तेवढाच मोकळा करता येतो. प्रीप्युशिओप्लास्टी म्हणून एक प्रकार आहे, त्यात कातडी ठेवून फक्त आवळलेला भाग रुंद करतात. विचारल्याशिवाय या गोष्टी कोणी सांगेलच असं नाही, मला पहिल्या ठिकाणी कोणीच सांगितल्या नव्हत्या.

दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, शुगर कधी तपासली होती. मी म्हटलं, कधीच नाही, मला काय झालंय. तर ते म्हणाले, इतकी वर्षं नीट असलेली कातडी मोठेपणी अचानक आवळायला लागली, तिला बारीक चिरा पडायला लागल्या, तर मी आधी शुगर बघतो आणि मग कातडी. माझी नॉर्मल निघाली, पण मुद्दा सोळा आणे खरा आहे. मधुमेह लपलेला असेल तर तो असा बाहेर येतो, आणि शुगर वाढलेली असताना कापलं तर जखम लवकर भरत नाही, चिघळते. डायबेटिसच्या काही गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे तिथे बुरशीचा त्रास वाढू शकतो, तेव्हा त्या चालू असतील तर आवर्जून सांगा.

कातडी पांढरी, कडक, चकाकणारी झाली असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, लायकेन स्क्लेरोसस म्हणतात त्याला. त्यात काढलेली कातडी तपासणीला पाठवावी लागते, आणि तिथे रिंग-बिंगचा हट्ट धरू नये, सरळ सर्जनच्या हातात द्यावं.

एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून करणार असाल तर आकडा नीट समजून घ्या. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू आणि युगांडात राकाई अशा तीन ठिकाणी मोठे अभ्यास झाले, २००५ ते २००७ मध्ये त्यांचे निकाल आले आणि बाईकडून पुरुषाला होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्यावरून २००७ साली डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे ही साथ खूप आहे आणि सुंता कमी होते, अशा भागांसाठी शिफारस केली. साठ म्हणजे शंभर नव्हे, कंडोम सुटत नाही. आणि हे गणित त्या भागांतल्या साथीचं आहे, दुसरीकडे राहणाऱ्याने ते जसंच्या तसं स्वतःला लावू नये.

जाहिरातीतली "७ मिनिटं" नक्की कोणासाठी आहेत

हे कळलं आणि माझ्या डोक्यातला अर्धा गोंधळ गेला. या रिंगा, ही उपकरणं मोठ्यांसाठी एवढी का तपासली गेली, तर २००७ नंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत कोट्यवधी पुरुषांची सुंता करायचं ठरलं आणि सर्जन तेवढे नव्हतेच. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे दोन कोटींहून जास्त सुंता झाल्या. मग प्रश्न असा होता की नर्सला शिकवता येईल, टाके घालावे लागणार नाहीत, एका दिवसात जास्त माणसं होतील असं काही आहे का. म्हणून प्रत्येक अभ्यासात टेबलावरची मिनिटं मोजली गेली. बाहेर दीडशे माणसांची रांग असेल तर २० ऐवजी ७ मिनिटं म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

पण तुम्ही रांग नाही, तुम्ही एक माणूस आहात. भूल दिल्यावर टेबलावर सात मिनिटं पडलात काय आणि पंचवीस मिनिटं पडलात काय, तुम्हाला काही फरक पडत नाही, छताकडेच बघायचं असतं. फरक पडतो तो नंतरच्या रात्रींनी. केनिया आणि झांबियात शांग रिंग (रिंगवाल्या पद्धतींतली एक) आणि टाक्यांची पद्धत यांची समोरासमोर तुलना झाली, त्यात वेळ साधारण ७ विरुद्ध २० मिनिटं असाच आला, दिसायलाही रिंगवाल्यांचं जास्त जणांना आवडलं, पण जखम पूर्ण भरायला मात्र रिंगवाल्यांना सरासरी काही दिवस जास्तच लागले. जाहिरातीत पहिला आकडा असतो. शेवटचा नसतो.

असं का होतं ते सोपं आहे. टाक्यांत दोन्ही कडा ओढून एकमेकींना चिकटवतात, त्या सांधतात. रिंगमध्ये कडा चेपून ठेवतात, चेपलेला भाग मरतो, आठवड्याने रिंग काढली की तिथे गोल चट्टा उघडा पडतो आणि तो आतून बाहेर हळूहळू भरून यावा लागतो.

एकेक पद्धत, माझ्या चष्म्यातून

साधी शस्त्रक्रिया तीन तऱ्हांनी होते, चिमट्यात कातडी धरून कापणं, वरून उभा छेद देऊन मग गोल कापणं, आणि आतली-बाहेरची कातडी वेगवेगळी कापून मधला पट्टा काढणं. तिसरीला हात चांगला लागतो पण दिसायला सुबक होते. तिन्हींत लोकल भूल, विरघळणारे टाके. "जुनी पद्धत" म्हणून हिणवतात हिला, पण हिची मोठी गोष्ट म्हणजे कातडी कितीही आवळलेली असो, चिकटलेली असो, सर्जन डोळ्यांनी बघत बघत पुढे जातो, आणि रक्त आलं तर तिथल्या तिथे बांधतो.

शांग रिंग म्हणजे प्लास्टिकच्या दोन रिंगा, एक आत एक बाहेर, आतल्या रिंगला सिलिकॉनचा पट्टा. भूल देऊन कातडी आतल्या रिंगवर उलटी करून घेतात, बाहेरची रिंग खटकन बसवतात आणि पुढची कातडी कापून टाकतात. रिंग सात दिवस अंगावर. आता न उलटवता बसवायचीही पद्धत आहे. २०१५ मध्ये डब्ल्यूएचओने हिला पूर्वपात्रता दिली, म्हणजे कारखाना, दर्जा, अभ्यास हे सगळं तपासून यादीत घेतली. रिंगला साइज असतात आणि साइज चुकला की सगळंच चुकतं. मित्र सांगत होता की मोजायची पट्टी गुंडाळून नर्सने मापाचा आकडा घेतला, मग मोठ्या डॉक्टरने येऊन पुन्हा मोजलं, आणि दोघांचं वेगळं आलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. मला वाटतं त्याचं सगळं नीट होण्यामागे ते तिसरं मोजणं आहे.

प्रीपेक्स ही आणखी वेगळी. सुई नाही, त्या दिवशी कापाकापी नाही, आत एक रिंग आणि बाहेरून घट्ट रबरी रिंग. रक्तपुरवठा थांबतो, कातडी वाळत जाते, सातव्या दिवशी कापून काढतात. रवांडात सुरुवातीचे अभ्यास झाले आणि २०१३ मध्ये हिलाही पूर्वपात्रता मिळाली. "कमी इन्व्हेसिव्ह" या शब्दाची खरी परीक्षा इथे होते बघा. कागदावर याहून सौम्य काय असणार, ना सुई ना सुरी! पण मेलेली कातडी आठवडाभर अंगावर वागवायची, तिला वास येतो, काढताना दुखतं, आणि मधेच रिंग सरकली किंवा कोणी घाबरून स्वतःच काढली तर धावतपळत ऑपरेशन करायची वेळ येते. त्यात धनुर्वाताच्या केस सापडल्या, कारण मेलेल्या मांसात त्या जंतूला आयतं घर मिळतं, आणि २०१६ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की धनुर्वाताचं संरक्षण आधीच पक्कं असलेल्या माणसालाच ही वापरा. आधीच, म्हणजे त्याच दिवशी लस टोचून नाही. एक सुई वाचवायला निघालेल्या पद्धतीला आधी लसीच्या सुया घ्याव्या लागतात, यात मला थोडी गंमतच वाटते.

स्टेपलर. जाहिरातींत सध्या याचीच चलती आहे. टोकावर एक घंटेसारखी टोपी बसवतात, त्यामुळे टोक सुरक्षित राहतं, मग बंदुकीसारखं हँडल दाबलं की गोल पातं कापतं आणि त्याच क्षणी बारीक धातूच्या पिना गोल बसतात. वेळ खरंच कमी, रक्तही सहसा कमी. पण पिना जखम भरता भरता आपल्याआपण गळतात, कुणाच्या दहा-बारा दिवसांत सुरू होतात, कुणाच्या महिनाभर रेंगाळतात, आणि काही कातडीत रुततात, त्या चिमट्याने काढाव्या लागतात. आत रक्त साठून निळी गाठ होऊ शकते. आणि मुख्य म्हणजे पिना एखाद्या बाजूला नीट बसल्याच नाहीत तर तिथून रक्त येतं आणि तेव्हा टाकेच घालावे लागतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की स्टेपलरवाल्याला एवढंच विचारा, मशीन फसलं तर पुढे तुम्ही स्वतः काय करता. जो "असं कधी होतच नाही" म्हणतो तिथून उठा. डब्ल्यूएचओच्या पूर्वपात्रतेच्या यादीत मोठ्यांसाठी मी वर सांगितलेली दोन उपकरणं आली, तेव्हा "डब्ल्यूएचओ अॅप्रूव्हड स्टेपलर" असं कोणी म्हणालं तर कागद दाखवा म्हणा.

लेसर. इथे माझा अॅडव्हान्स बुडाला. बोर्डावर लेसर, फोनवर लेसर, पावतीवर पण लेसर. पैसे भरून झाल्यावर मी काउन्सेलरला सहज विचारलं की लेसरने कापल्यावर कडा कशाने जोडता. ती म्हणाली जोडायचं काही नसतं सर, लेसरने सील होतं. मी म्हटलं पूर्ण गोल? मग ती आत जाऊन आली आणि म्हणाली की आमच्याकडे स्टेपलर वापरतात, लेसर हे नाव आहे. नाव आहे! अहो लेसर हे कापायचं साधन आहे, सुरीच्या जागी. कार्बन डायऑक्साइड लेसरने कापलं तरी कडा टाक्यांनी नाहीतर टिश्यू ग्लूने, म्हणजे कातडीच्या डिंकाने, जोडाव्याच लागतात. ग्लू वाईट नाही, अनुभवी हातात छान दिसतो. पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते तुम्हाला कळायला हवं. मी परत मागितले, मिळाले नाहीत, विषय संपला.

रक्त थांबवायला कॉटरी, म्हणजे विजेने चटका देणारं साधन, वापरतात त्याबद्दल एक वाक्य. या अवयवाचं बूड अरुंद असतं, त्यामुळे साध्या मोनोपोलर कॉटरीचा करंट तिथून एकवटून जाऊ शकतो, म्हणून बायपोलर, ज्यात करंट चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो, ती बरी समजतात, आणि धातूचा क्लॅम्प लावलेला असताना कॉटरी लावणं हे तर भयंकर, त्यातून अवयव गमावल्याच्या घटना झालेल्या आहेत. "बायपोलर आहे ना?" एवढं विचारलं की समोरचा जरा सावरून बसतो.

आकडे ऐकताना कान उघडे ठेवा

"आमच्या शंभर केस झाल्या, एकही कॉम्प्लिकेशन नाही." हे वाक्य मी दोनदा ऐकलं. याला एक साधा हिशेब लावायचा, तीनला केसच्या संख्येने भागायचं. शंभरात शून्य प्रकार घडले तरी खरा धोका ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो, नशीब चांगलं म्हणून दिसला नाही इतकंच. तीनशेत शून्य, तर १ टक्क्यापर्यंत. आफ्रिकेतल्या नीट चालवलेल्या कार्यक्रमांत मध्यम किंवा गंभीर त्रास साधारण २ टक्क्यांच्या आत धरतात, म्हणजे शंभर केसवाल्याचा शून्य आणि त्यांचे दोन टक्के यांत फरक आहे की नाही हे सांगताच येत नाही.

दुसरं, किती जण परत दाखवायला आले ते विचारा. शंभरातले साठ पुन्हा फिरकलेच नाहीत तर त्या साठांचं काय झालं कोणाला ठाऊक, कदाचित ते चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील. जिथे दुसऱ्या आणि सातव्या दिवशी बोलावतात, आला नाहीत तर फोन करतात, त्यांचा आकडा वाईट दिसला तरी तो जास्त खरा असतो.

तिसरं, "दुखणं" कधीचं मोजलंय. दुखणं चार ठिकाणी असतं, लावताना, अंगावर असताना रात्री, काढताना, आणि मग भरताना. प्रीपेक्स लावताना जवळजवळ काही नाही, म्हणून तेवढाच आकडा सांगितला तर ती अमृतच वाटेल. शांग रिंगचं खरं दुखणं रात्रीच्या इरेक्शनचं, कारण रिंगचा घेर काही वाढत नाही. टाक्यांत तेच दुखणं असतं पण जरा ताण निघतो.

चौथं, "बरं झालं" म्हणजे काय. कामावर गेला म्हणजे बरं झालं का? का जखमेवर सगळीकडे नवी कातडी आली म्हणजे? मित्र तिसऱ्या दिवशी ऑफिसात होता, त्या हिशेबाने तो जिंकला. पुढची गोष्ट शेवटी.

डब्ल्यूएचओने २०१२ मध्ये अशी उपकरणं तपासायची एक चौकट काढली होती, तिचा गाभाही हाच, की सुरक्षित आहे का, काम होतं का, आणि करून घेणाऱ्याला पसंत आहे का, आणि हे बनवणाऱ्याच्या घरच्या अभ्यासाबाहेर, वेगळ्या ठिकाणी, नेहमीच्या पद्धतीशी तुलना करून दाखवा. तुमच्या समोरच्या ब्रोशरमध्ये यातलं किती आहे ते बघा म्हणजे कळेल.

कोणाला काय जमत नाही

रिंग आणि स्टेपलर दोन्हींसाठी कातडीखाली टोपी किंवा रिंग जायला जागा लागते. फिमोसिस घट्ट असेल, आत चिकटलेलं असेल, फ्रेन्युलम फारच आखूड असेल तर यांतल्या काही पद्धती बसतच नाहीत, किंवा मग आधी छेद देऊन बसवावं लागतं, म्हणजे शस्त्रक्रिया झालीच. माझं तेच झालं. तिसऱ्या डॉक्टरांनी तपासून अर्ध्या मिनिटात सांगितलं की तुम्हाला रिंग लावायची तर आधी कापावंच लागेल, मग रिंग कशाला. मला ते पटलं. तीन महिने वाचलं त्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला म्हणून थोडा राग पण आला, तेव्हा सांगतो, आधी तपासून घ्या आणि मग वाचा.

लघवीचं भोक टोकावर नसून खाली असेल, म्हणजे हायपोस्पेडियास, तर सुंता करूच नये, ती कातडी दुरुस्तीला लागू शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्त न गोठण्याचा आजार, चालू इन्फेक्शन, हे सगळं आधी सांगायचं. आणि स्वेच्छा म्हणजे स्वेच्छा. घरचे म्हणतात, पार्टनर म्हणते, म्हणून नको, आणि टेबलावर चढल्यावरही नको म्हणायचा हक्क असतो.

घरी आल्यावर

माझा दुसरा दिवस सगळ्यात वाईट. सूज एवढी की बघून चक्कर आली, खालच्या बाजूला तर फुगाच. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर रात्रीच धावलो असतो. घट्ट चड्डी, अवयव वरच्या दिशेला पोटाला टेकवून ठेवायचा, खाली लोंबू द्यायचा नाही, सूज लवकर उतरते. सैल लुंगीत बरं वाटेल असं वाटतं, पण प्रत्येक पावलाला कापड घासतं. कापूस लावू नका, त्याचे धागे चिकटतात आणि मग ते सोडवताना तारे दिसतात, गॉज वापरा आणि डॉक्टर म्हणाले तर त्याला व्हॅसलीन. ड्रेसिंग चिकटलं तर ओढायचं नाही, कोमट पाण्याने भिजवायचं, पाच मिनिटं लागू देत.

रात्री इरेक्शनने जाग येतेच, तिला इलाज एकच, झोपायच्या आधी लघवी करून घ्या, जाग आली की उठून चार पावलं चाला, पुन्हा लघवी करा. मी पहिल्या आठवड्यात रात्री तीन-तीनदा स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होतो, पाणी न पिता.

पहिले दोन-तीन दिवस थोडं लाल-पिवळं लागणं चालतं. पण दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, गाठ वाढत असेल, लघवी होत नसेल, टोक काळंनिळं पडत असेल, पू आणि ताप असेल, किंवा रिंग सरकली असेल तर सकाळची वाट बघू नका. जबडा आखडल्यासारखा वाटला (ती धनुर्वाताची खूण असू शकते) तर एक मिनिटही नाही. म्हणूनच पैसे भरायच्या आधी विचारून ठेवायचं की रात्री दोनला मी कोणाला फोन करायचा, आणि तो नंबर खरंच लागतो का ते एकदा रात्री लावून बघायचं. मी बघितला होता. उचलला. तिथेच केलं.

सहा आठवडे सेक्स नाही, हस्तमैथुन पण नाही. चौथ्या आठवड्यात सगळं मस्त दिसायला लागतं आणि तिथेच लोक घोटाळा करतात. वरून कोरडी दिसली तरी नवी कातडी नाजूक असते, फाटली की मागे जाऊन पुन्हा सुरुवात, आणि न भरलेल्या जखमेतून लागण घेण्याचा आणि देण्याचा, दोन्ही धोके उलट वाढतात. घरात हे आधीच बोलून ठेवा, सहाव्या आठवड्यात नाही, पहिल्या दिवसाआधी.

मी आणि मित्र, आम्ही दोघांनी एकेक तक्ता केला होता, रोज रात्री दहापैकी दुखण्याला मार्क, किती वेळा जाग आली, कपड्याला काय लागलं. त्याचे पहिले दोन दिवस माझ्यापेक्षा खूपच हलके, दहापैकी दोन, माझे सहा. चौथ्या दिवशी दोघं बरोबरीत. सातव्या दिवशी त्याची रिंग काढली, तीन मिनिटांचं काम पण त्याने त्या दिवशी आठ लिहिलेत, आणि पुढे सगळा तिसरा आठवडा त्याच्या तक्त्यात "ओलं" असा एकच शब्द आहे. माझा शेवटचा टाका तेविसाव्या दिवशी अंघोळ करताना हातात आला, काळ्या दोऱ्याचा तुकडा. डॉक्टरांनी माझं पूर्ण भरलं असं छत्तिसाव्या दिवशी सांगितलं, त्याचं सेहेचाळिसाव्या. दिसायला मात्र त्याचं माझ्यापेक्षा सरळ आहे, असं तो म्हणतो, आणि ते पडताळायला मी अर्थातच गेलेलो नाही.